मंजूर टेकडी

शहराच्या माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर कशाचा फोटो छापावा, या विषयावर नगरपालिकेच्या प्रसिद्धी विभागात सखोल विचारविनिमय झाला आणि टेकडीचा छापावा, असं सर्वानुमते ठरलं. सर्वानुमते ठरण्याचं कारण एवढंच, की छापण्याजोगं दुसरं काही उरलं नव्हतं. नदी होती, पण तिचा फोटो काढताना नाकाला रुमाल धरावा लागे आणि मग कॅमेऱ्यासाठी एकच हात उरे. नगरपालिकेची इमारत होती. पण ती कित्येक वर्षं बांबूंच्या परांचीत उभी होती, आणि इमारतीला परांचीचा आधार आहे की परांचीला इमारतीचा, यावर अभियंत्यांत दोन तट पडले होते. राहता राहिली टेकडी.

काम आलं बोळेरावांकडे. बोळेराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव त्यांच्या सेवापुस्तकात आहे आणि सेवापुस्तक सापडत नाही. फोटोत नको ते आलं की कॉम्प्युटरवर त्याच्यावर अलगद बोळा फिरवायचा, हे त्यांचं काम. अधिकृत भाषेत 'छायाचित्र सुधारणा सहायक'. उद्घाटनांच्या फोटोतले पेंगणारे पाहुणे त्यांनी जागे केले होते, रिकाम्या खुर्च्या भरल्या होत्या, आणि एका निवृत्त अधिकाऱ्याला तर स्वतःच्या निरोप समारंभात, तो तिथं आलेला नसताना, गहिवरून आलेलं दाखवलं होतं. माणूस हाताचा कसबी आणि मनाचा सरळ. असा माणूस कार्यालयाला फार उपयोगी पडतो, कारण त्याला काहीही करायला सांगता येतं आणि तो ते चांगलं करतो.

बोळेरावांनी नगरपालिकेच्या गच्चीवरून टेकडीचा फोटो काढला. फोटो नीट आला, हीच अडचण झाली. टेकडीच्या ऐन पोटाचा लचका तोडलेला होता आणि आतला पांढरा दगड उघडा पडला होता.

"हे काय आहे?" प्रसिद्धी अधिकारी साहेबांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"खाण आहे, साहेब. खडीची."

"मुखपृष्ठावर?"

"टेकडीवर आहे, साहेब. टेकडी मुखपृष्ठावर घेतली, म्हणून तीही आली."

"हे पाहा, खोटं काही दाखवायचं नाही. ते आपल्या तत्त्वात बसत नाही. जे आहे तेच दाखवायचं, पण जसं असायला हवं तसं. दुरून डोंगर साजरे, असं म्हणतात ना? तुम्ही तर चांगला दुरून काढलाय. मग साजरा का दिसत नाही?"

बोळेरावांनी मान डोलावली. खरं म्हणजे त्यांना मनातून बरंच वाटलं. त्यांचं घर टेकडीच्या अगदी पायथ्याशी होतं. दुपारी खाणीत सुरुंग उडाला की फळीवरची भांडी नाचायची, आणि आईची खाट ज्या भिंतीला लागून होती, त्या भिंतीत छतापासून निघालेली एक भेग हळूहळू खाली उतरत होती. खाणीला बंद करण्याच्या नोटिसा कितीदा निघाल्या होत्या. आता कुठं टाळं ठोकायचा हुकूम सहीला गेला होता. जिचं प्रत्यक्षात काही वाकडं करता येत नाही, तिचा निदान पडद्यावर तरी निकाल लावू, म्हणून बोळेराव बाह्या सरसावून बसले.

आधी त्यांनी आकाश बदललं. मूळचं धुरकट होतं; एका समुद्रकिनाऱ्याच्या फोटोतलं निळंशार आणून चढवलं. मग तारा काढल्या, पायथ्याच्या गल्लीतला दिव्याचा खांब मध्ये येत होता तो काढला. शेवटी खाणीला हात घातला. क्लोन नावाचं एक हत्यार असतं: फोटोतला चांगला तुकडा उचलायचा आणि वाईट तुकड्यावर डकवायचा. डाव्या उतारावर एक भरदार झुडूप होतं. ते उचलून बोळेराव खाणीवर लावत गेले. झुडपाशेजारी एक शेळी चरत होती, ती दर वेळी झुडपासोबत आली. बऱ्याचशा त्यांनी पुसल्या, पण घाईत काही राहून गेल्या. सूर्यही किनाऱ्यावरच्या आकाशात डावीकडे होता आणि टेकडीवरचं ऊन उजवीकडून पडत होतं.

"दोन्हीकडून उजेड?" साहेब खूश झाले. "उत्तम. सर्वांगीण विकास म्हणतात तो हाच!"

आता या नगरपालिकेची एक जुनी पद्धत होती. कोणताही फोटो छापायला जाण्याआधी प्रत्येक विभागाच्या प्रमुखानं त्याच्या मागे 'वस्तुस्थितीशी जुळतो' असं लिहून सही करायची. बाकीचे सह्या करणारच आहेत, या भरवशावर पहिल्यानं सही केली. त्याची सही पाहून दुसऱ्यानं केली. असा तो फोटो सगळ्या टेबलांवरून फिरून आला, आणि खनिज शाखेच्या प्रमुखांनी तर तो उलटा करण्याचेही कष्ट न घेता केवळ मागच्या बाजूवर सही ठोकली. पुस्तिका छापली गेली. लोकांना आवडली.

इथवर सगळं ठीक होतं. पण पुढच्याच महिन्यात सभागृहात शहराच्या नकाशांवरून वाद पेटला. पाणी विभागाच्या नकाशात जिथं रस्ता होता, तिथं रस्ते विभागाच्या नकाशात तळं होतं. कुणाचं खरं मानायचं? तेव्हा एका अभ्यासू सदस्यानं उभं राहून निदर्शनास आणलं, की नगरपालिकेच्या इतिहासात सगळ्या विभागांचं एकमत झालेला पुरावा एकच आहे, तो म्हणजे पुस्तिकेचं मुखपृष्ठ. टाळ्या पडल्या. ठराव झाला, की यापुढे सदर छायाचित्र हीच शहराची अधिकृत वस्तुस्थिती समजावी, आणि प्रत्यक्षात कुठं तफावत आढळल्यास प्रत्यक्षात योग्य ती दुरुस्ती करावी.

अंमलबजावणी झपाट्यानं झाली. उद्यान विभागानं टेकडीवरचं वृक्षारोपण रद्द केलं, कारण फोटोत रोप लावायला जागाच दिसत नव्हती. पशुसंवर्धन विभागानं शेळ्यांच्या संख्येत झालेली भरीव वाढ अहवालात नोंदवली आणि सर्व शेळ्या एकाच उंचीच्या, एकाच बांध्याच्या व एकाच दिशेला तोंड करून चरणाऱ्या असल्यानं ही जात सुधारित असावी, असा अंदाज व्यक्त केला. विद्युत विभागाची माणसं पायथ्याच्या गल्लीत आली आणि फोटोत नसलेला दिव्याचा खांब उपटून घेऊन गेली. बोळेराव त्या संध्याकाळी स्वतःच्याच दाराशी गटारात पाय घालून घरी पोहोचले.

आणि खाणीला टाळं ठोकायचा हुकूम सही न होता परत आला. त्यावर शेरा होता: 'अशी खाण अस्तित्वात नाही. नसलेल्या खाणीस टाळे कोठे ठोकावे, याचा खुलासा व्हावा.'

खाणमालक मोठा सज्जन माणूस. नसलेल्या खाणीला नियमही नसतात, हे त्याच्या लगेच ध्यानात आलं. आधी सुरुंग फक्त दुपारी उडायचे. आता जेव्हा मनात येईल तेव्हा उडू लागले. भेग आईच्या उशीपर्यंत उतरली.

"तू म्हणे ती खाण पुसलीस?" आईनं विचारलं. ती भिंतीकडे पाठ करून, अंगावर पडलेला चुना झटकत बसली होती.

"फोटोतली पुसली गं."

"मग हे धाडधाड फोटोतून ऐकू येतंय का?"

"आई, तू खाट तरी हलव तिथून."

"हलवू कुठं? स्वयंपाकघरात तुझी बायको मला पाय पसरू देत नाही, आणि बाहेरच्या खोलीत तुझा तो कॉम्प्युटर पाय पसरून बसलाय. भिंतीला सांग हलायला."

दुसऱ्या दिवशी बोळेराव खनिज शाखेत गेले. तिथल्या टेबलावरच्या बाई शांत स्वभावाच्या म्हणून प्रसिद्ध होत्या.

"खाणीबद्दल तक्रार होती," बोळेराव म्हणाले.

"कुठल्या खाणीबद्दल?"

"टेकडीवरच्या."

बाईंनी ड्रॉवरमधून पुस्तिका काढली आणि मुखपृष्ठ भिंगाखाली धरलं. "दिसत नाही."

"दिसणार नाही. मीच पुसलीय ती."

"तुम्ही? अहो, मग शाखेतर्फे तुमचं अभिनंदन! आम्ही नोटिसा काढून काढून थकलो होतो."

"बाई, मी फोटोतली पुसली. खरी तिथंच आहे."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे सगळ्या विभागांनी सह्या केलेला फोटो खोटा आहे, असं तुमचं म्हणणं. आणि तो खोटा तुम्हीच केलात. लेखी देताय?"

लेखी द्यावं तर नोकरी जाणार, न द्यावं तर भिंत जाणार.

"तोंडी समजा," ते कसंबसं म्हणाले.

बाईंना दया आली. इकडंतिकडं बघून त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "भावासारखे आहात म्हणून सांगते. या कार्यालयात फोटोला उत्तर फोटोनंच द्यावं लागतं. गल्लीतली सगळी घरं, त्यांच्या भेगा आणि मागे ती खाण, सगळं एका फोटोत आणा. बोळाबिळा काही फिरवू नका. मागे गल्लीतल्या सगळ्या रहिवाशांच्या सह्या पाहिजेत. एक जरी कमी पडली, तरी एकमत नाही म्हणून मला परत पाठवावं लागेल. तेवढं आणलंत, तर टाळं ठोकायला मी स्वतः येते."

बोळेराव उड्या मारत घरी आले. गल्लीत सांगावा गेला. रविवारी सकाळी सगळे रहिवासी आपापल्या घरांपुढे उभे राहिले. फोटो पुराव्यासाठी आहे, हे सर्वांना समजावून सांगितलं होतं. तरीही प्रत्येक जण ठेवणीतले कपडे घालून आला होता. बोळेरावांनी शिडीवर चढून बटण दाबलं. फोटो जसाच्या तसा आला. घराघरावर काळ्या भेगा, धुळीनं पांढरी झालेली छपरं आणि सगळ्यांच्या डोक्यावर आ वासून उभी असलेली खाण. इतका खरा फोटो बोळेरावांनी नोकरीत कधी काढला नव्हता. त्यांना स्वतःचाच अभिमान वाटला.

सह्या घ्यायला ते प्रथम शिवणकामवाल्या मावशींकडे गेले.

"सही करते रे," मावशी म्हणाल्या, "पण माझ्या डोळ्यांखालचं हे काळं तेवढं काढ. मला खाणीविरुद्ध पुरावा द्यायचाय, स्वतःविरुद्ध नाही."

डोळ्यांखालच्या काळ्याचा खाणीशी काही संबंध नव्हता. बोळेरावांनी ते काढलं.

शेजारी दातांचे डॉक्टर. त्यांनी फोटो बराच वेळ न्याहाळला. "चांगलाय. फक्त माझ्या दवाखान्याच्या भिंतीवरची भेग बुजवा."

"डॉक्टर, भेगा दाखवायलाच तर फोटो काढला!"

"बाकीच्यांच्या आहेत की भरपूर. ज्याला स्वतःच्या भिंतीतली फट बुजवता येत नाही, त्याच्याकडे लोक दात बुजवायला येतील का?"

एक भेग गेली. निवृत्त मास्तर मात्र सत्याचे मोठे कैवारी. ते म्हणाले, "भेग अजिबात पुसायची नाही! सत्य ते सत्य. माझी फक्त जरा डॉक्टरांच्या भिंतीवर सरकव. तिथली जागा आता रिकामी झालीय, आणि माझं घर बघायला पुढच्या आठवड्यात गिऱ्हाईक येतंय."

डॉक्टरांना हे कळलं तेव्हा ते सही मागे घेतो म्हणाले. शेवटी तडजोड होऊन मास्तरांची भेगही पुसण्यात आली. मग ज्यांनी बिनशर्त सह्या केल्या होत्या, त्यांना वाटलं आपण बावळट ठरलो. ते सगळे परत आले. कुणाचं छप्पर स्वच्छ करायचं होतं, कुणाचं पोट आत घ्यायचं होतं, आणि एका सासूला सुनेपेक्षा उंच दिसायचं होतं. सही एकही कमी पडून चालणार नव्हतं, त्यामुळे बोळेराव एकेकाचं ऐकत गेले.

उरले गल्लीचे सेक्रेटरी काका. "तुम्ही सगळ्यांचं बघितलंत," ते म्हणाले, "पण एकूण गल्लीचं कोण बघणार? मागचं ते भगदाड फार विद्रूप दिसतंय हो. उद्या इथल्या घरांना कोण विचारणार?"

"काका, त्या भगदाडासाठीच हा सगळा खटाटोप आहे!"

"मग मी कुठं काढा म्हणतोय? असू द्या. फक्त जरा हिरवट करा."

बोळेरावांनी ते जरा हिरवट केलं. काकांनी आणखी जरा म्हटल्यावर आणखी जरा केलं.

आता साऱ्या फोटोत एकच भेग शिल्लक होती, ती बोळेरावांच्या घराची. बायको स्क्रीनपाशी येऊन उभी राहिली.

"एवढ्या गल्लीत एकट्या आपल्याच घराला भेग? लोक म्हणतील, यांच्याच भिंती कच्च्या."

"अगं, पण तेवढाच पुरावा राहिलाय."

"मग उभे राहा तुम्ही पुराव्याजवळ. मी त्या फोटोत आहे, नवी साडी नेसून."

आई खाटेवरून ऐकत होती. "माझी भेग राहू दे रे," ती म्हणाली. "मला तिची लाज वाटत नाही. तिच्याखाली झोपते मी."

बोळेरावांचा हात थबकला. हे सांगायला हवं, की त्यांना त्या क्षणी मनापासून वाईट वाटलं. मग त्यांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि भेग पुसली.

खनिज शाखेतल्या बाईंनी फोटो हातात घेतला आणि त्यांचा चेहरा खुलला. "अय्या, किती प्रसन्न वस्ती आहे! यांची नेमकी तक्रार काय?" बोळेरावांनी फोटो उलटा करून दाखवला. सह्या सगळ्यांच्या होत्या, एकमत संपूर्ण होतं. बाईंनी शेरा मारला: 'रहिवासी समाधानी आढळले. प्रकरण निकाली.' फोटो पुढच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठासाठी राखून ठेवण्यात आला आणि बोळेरावांच्या नावे एक गौरवपत्र मंजूर झालं. ते कुठल्या नावानं काढावं, हे सेवापुस्तक सापडल्यावर ठरेल.

भिंत त्याच आठवड्यात पडली. आई पाणी प्यायला स्वयंपाकघरात उठून गेली होती, म्हणून वाचली. बोळेराव कार्यालयातून धावत आले. खाटेवर विटांचा ढीग होता, उशी कुठं दिसतच नव्हती. आईचे दोन्ही हात धरून ते लहान मुलासारखे रडले.

"रडू नकोस," आई म्हणाली. "आधी माझा चष्मा शोध. उशाशी होता."

भिंत होती तिथं आता आरपार मोकळं झालं होतं, आणि समोर खाण उघडीवाघडी उभी होती. बोळेरावांनी डोळे पुसले, मोबाईल काढला, आणि ढिगाऱ्याशेजारी स्टुलावर बसून बाहेर बघणाऱ्या आईचा पाठमोरा फोटो घेतला. याला बोट लावायचं नाही, अशी त्यांनी शपथ घेतली. तो त्यांनी ओळखीच्या सगळ्यांना पाठवला, आणि 'कृपया पुढे पाठवा, आम्हाला मदत हवी आहे,' असं खाली लिहिलं.

बराच वेळ काहीच आलं नाही. मग दुसऱ्या दिवशी एका चुलतभावानं लिहिलं, 'सकाळी सकाळी असलं पाठवत जाऊ नका.' दुसऱ्या एकानं विचारलं, 'खरा आहे का? एडिट केल्यासारखा वाटतो.' तिसऱ्यानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि त्यामागोमाग स्वतःच्या नव्या गाडीचा फोटो.

"जरा माणसांनी बघण्यासारखा करा," बायको म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात तोरा नव्हता. ती घाबरली होती. "बघितलंच नाही कुणी, तर मदत कशी करतील?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. बोळेरावांनी आधी नुसत्या विटा पुसल्या. मग धूळ जरा सोनेरी केली. भगदाडाच्या कडा वेड्यावाकड्या होत्या त्या सरळ केल्या, तर ती एक ऐसपैस खिडकी दिसायला लागली. आणि एवढ्या सुंदर खिडकीतून खाण दिसणं बरं नव्हे, म्हणून तिथं झाडं लावली. खिडकीशी एक म्हातारी निवांत बसली आहे आणि समोर हिरवीगार टेकडी आहे, असा तो फोटो झाला. खाली मदतीचं वाक्य शोभेना, तेही काढलं.

फोटो वाऱ्यासारखा पसरला. ज्यांना बोळेराव ओळखत नव्हते, त्यांच्याकडूनही तो त्यांना परत आला. तुमच्याकडेही आला होता. आठवून पाहा. तुम्ही त्यावर दोन लाल बदाम टाकलेत आणि लिहिलंत, 'किती भाग्यवान आजी! असं एक घर पाहिजे.' त्याआधी तो खरा फोटोही तुम्हाला आला होता; पण तो उघडल्याबरोबर तुम्ही तोंड फिरवून पुढच्यावर गेलात. तुमचं काही चुकलं असं कुणी म्हणत नाही. दिवसभराच्या कामानं माणूस दमतो, त्यालाही काहीतरी चांगलं बघायचं असतं.

आई हल्ली स्वयंपाकघरात चटईवर झोपते आणि पाय पोटाशी घेते. लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचून दाखव, असं तिनं परवा बोळेरावांना सांगितलं. त्यांनी इतरांचं वाचलं, मग तुमचं वाचलं.

"फार जीव लावून लिहिलंय रे," आई म्हणाली. "विचार त्यांना, राहायला येता का म्हणावं. खाट रिकामीच आहे."